प्लास्टिकच्या नावा : निगा आणि दुरुस्ती

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे जसे वनांचे, तसेच नद्यांचेही आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा दोहोंमधील सीमेचा मोठा भाग वैनगंगेच्या प्रवाहानेच आखून दिला. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता जन्मते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीस मिळते. भामरागड येथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. या नद्यांच्या काठी शेकडो गावे वसलेली आहेत. कोणाचे शेत पैलतीरी असते, कोणाचा बाजार, तर कोणाचा दवाखाना.

गेल्या काही दशकांत अनेक ठिकाणी पूल झाले. परंतु अतिवृष्टीच्या दिवसांत लहान नाल्यांवरील पूल पाण्याखाली जातात. सप्टेंबर २०१९ मधील पुरात भामरागडचा बाहेरील जगाशी असलेला संपर्क तुटला होता. अशा वेळी रुग्ण, गरोदर स्त्री, औषधे आणि धान्य यांची ने-आण करण्याचे साधन एकच उरते, ते म्हणजे नाव. कोरड्या दिवसांतही नावेचा प्रवास निर्धोक असतोच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथे मिरची तोडणीच्या कामासाठी वैनगंगा ओलांडणाऱ्या शेतमजूर स्त्रियांची नाव उलटली आणि त्यांपैकी अनेकींना प्राण गमवावे लागले. नावेच्या अपघातास प्रवाह, वारा, जादा भार अशी अनेक कारणे असतात. त्यांपैकी काही माणसाच्या हाती नसतात. नावेचा तळ सुस्थितीत ठेवणे मात्र सर्वस्वी माणसाच्याच हाती असते.

लाकडापासून प्लास्टिकपर्यंत

या भागातील परंपरागत जलवाहन म्हणजे डोंगा. मोठ्या वृक्षाचे खोड कोरून तो तयार केला जातो. ढिवर आणि इतर मच्छीमार समाजांनी तसेच नदीकाठच्या आदिवासी बांधवांनी डोंग्याची निगा पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे. लाकडास चीर पडली तर ती कशाने बुजवावी आणि पत्र्याचे ठिगळ कोठे ठोकावे, हे ज्ञान घराघरांत होते. लाकडी नावेच्या फटीत कापूस वा ताग ठासून त्यावर राळ किंवा डांबर लावण्याची रीत तर देशभर जुनी आहे.

आता जुन्या डोंग्यासाठी लागणारे प्रचंड खोड सहजासहजी मिळत नाही आणि ते तोडणे वनसंरक्षणाच्या दृष्टीने इष्टही नाही. त्यामुळे शोध व बचाव पथके, मत्स्यव्यवसाय आणि तलावांवरील पर्यटन या तिन्ही क्षेत्रांत नव्या पदार्थांच्या नावा येऊ लागल्या. त्यांपैकी काही फायबरच्या असतात, काही हवा भरून फुगविण्याच्या रबरी असतात, तर काही पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या असतात. कयाक म्हणून ओळखली जाणारी एक-दोन माणसांची निमुळती होडी ही शेवटच्या प्रकारातील. ध्रुवप्रदेशातील शिकारी लोक लाकडी वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. १९७० च्या दशकापासून ती पॉलिथिलीनमध्ये ओतली जाऊ लागली आणि जगभर पसरली.

नवा पदार्थ आला, परंतु त्याच्या दुरुस्तीचे ज्ञान त्याच्याबरोबर आले नाही. परिणामी तळास बोटभर चीर पडलेली नाव एक तर तशीच वापरली जाते, किंवा गोदामामागे टाकून दिली जाते, किंवा तिच्यावर मिळेल तो लेप थापला जातो. या तीन मार्गांपैकी तिसरा सर्वांत धोक्याचा आहे, कारण तो दुरुस्ती झाल्याचा आभास निर्माण करतो.

पॉलिथिलीनला काहीच का चिकटत नाही

पॉलिथिलीनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमधील एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे लागला. पुढे १९५३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल झिग्लर यांनी कमी दाबाखाली अधिक घट्ट आणि कणखर पॉलिथिलीन तयार करण्याची पद्धत शोधली. या कार्याबद्दल इटलीचे ज्युलिओ नाट्टा यांच्यासमवेत त्यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज घराच्या छतावरील काळी पाण्याची टाकी आणि पाणीपुरवठा योजनांचे काळे नळ याच कुळातील प्लास्टिकचे असतात. टाकी आणि नाव यांची घडणही बहुधा एकाच रीतीने होते. पोकळ धातूच्या साच्यात प्लास्टिकची भुकटी भरून तो साचा भट्टीत दोन दिशांनी फिरवीत तापवितात. भुकटी वितळून साच्याच्या आतील बाजूस सर्वत्र सारखी बसते आणि थंड झाल्यावर सांधा नसलेली अखंड वस्तू बाहेर निघते. नावेच्या भिंतीची जाडी साधारणतः ५ ते ८ मिलिमीटर असते.

या पदार्थाचे गुण मोठे आहेत. तो गंजत नाही, कुजत नाही, खडकावर आपटला तर फुटण्याऐवजी वाकतो आणि पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे स्वतःच तरंगतो. परंतु त्याचा पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत व अलिप्त असतो. कमळाच्या पानावर जसा पाण्याचा थेंब पसरत नाही, तसा पॉलिथिलीनवर गोंद पसरत नाही आणि जे पसरत नाही ते धरीतही नाही. नळ व टाक्यांची गळती बंद करण्यासाठी बाजारात मिळणारी दोन भागांची पुटी, फायबरची राळ आणि सामान्य रसायनी गोंद हे सर्व त्यावर वाळतात, कठीण होतात आणि नाव पहिल्यांदा वाकताच पापुद्र्याप्रमाणे सुटून येतात. म्हणून या नावेची खरी दुरुस्ती ठिगळाने होत नाही. त्याच जातीचे प्लास्टिक वितळवून सांधणे, म्हणजे लोहार वा वेल्डर लोखंडास जोडतो त्याप्रमाणे जोडणे, हाच तिचा भरवशाचा उपाय आहे.

आधी ओळख, मग उपचार

यासाठी नाव कोणत्या पदार्थाची आहे हे प्रथम निश्चित करावयास हवे. त्याची एक साधी परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल. नावेच्या कडेची, जेथे हानी होणार नाही अशा जागेची, एक बारीक चिपटी चाकूने काढावी आणि साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात ती पूर्णपणे बुडवून सोडावी. पॉलिथिलीनची चिपटी वर येऊन तरंगते, तर फायबरची किंवा पीव्हीसीची तळाशी जाते. चिपटी काढतानाच आणखी एक खूण पटते. पॉलिथिलीन मेणासारखे वळत कापले जाते, तर फायबर भुगा होऊन झडते आणि त्यातील काचेचे धागे दिसू लागतात.

नाव फायबरची निघाली तर तिचा उपचार वेगळा आहे. भेगेभोवतालचा भाग उतरता घासून, पूर्णपणे वाळवून, त्यावर काचतंतूंची चटई आणि राळ यांचे थर द्यावे लागतात. ओलसर पृष्ठभागावर ही राळ धरत नाही. फुगविण्याच्या नावेस तिच्याच कापडाचे ठिगळ आणि उत्पादकाने सांगितलेला गोंद लागतो. पॉलिथिलीनमध्येही एक अपवाद आहे. काही नावा रेणूंची आडवी जोडणी केलेल्या पॉलिथिलीनच्या असतात. ते एकदा घडल्यावर पुन्हा वितळत नाही, म्हणून त्यांना सांधता येत नाही. तापविलेले लोखंड त्या चिपटीस टेकविल्यास ती वितळण्याऐवजी नुसती नरम होते आणि अधिक उष्णतेने करपते. अशा नावेबाबत उत्पादकाचाच सल्ला घ्यावा.

नुकसानीचे प्रकार

तळावरील प्रत्येक खूण म्हणजे बिघाड नव्हे. नाव रेतीवरून ओढताना पडणारे उथळ ओरखडे निरुपद्रवी असतात. त्यांच्या कडेला उभे राहिलेले तंतू चाकूने छाटून टाकणे पुरे होते. खाच जर भिंतीच्या निम्म्याहून अधिक खोल गेली असेल, तर मात्र ती भरून घ्यावी.

पोचा हा दुसरा प्रकार. नाव दगडावर किंवा अरुंद आडव्यावर दीर्घकाळ ठेवल्याने अथवा दोरीने करकचून बांधल्याने तळ आत दबतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, जेथे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, हा दोष फार लवकर उद्भवतो. सुदैवाने त्याचा उपायही उन्हातच आहे. नाव पालथी घालून एक-दोन तास उन्हात ठेवली, अथवा पोच्यावर गरम पाणी ओतले, म्हणजे प्लास्टिक नरम होते. मग आतून हाताने किंवा गुंडाळलेल्या कापडाने दाब देऊन पोचा बाहेर काढावा आणि तो भाग थंड होईपर्यंत आतून टेका ठेवावा. येथे ज्वाला वापरू नये.

तिसरा प्रकार म्हणजे आरपार चीर किंवा भोक. ती बहुधा नाव जेथे टेकते आणि घासते त्या मधल्या रेषेवर, बैठकीच्या खिळ्यांजवळ अथवा पाणी काढण्याच्या बुचाभोवती पडते. चौथा प्रकार उन्हाने जर्जर झालेल्या प्लास्टिकचा. रंग फिका पडतो, बोटास पांढरी भुकटी लागते आणि बारीक जाळीसारख्या भेगा दिसू लागतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी रेणूंच्या साखळ्या तुटल्याची ही लक्षणे होत.

चीर सांधण्याची रीत

सांधकामास गरम हवेचे यंत्र, त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी, गिरमिट, धारदार खरवडणी आणि स्वच्छ कापड इतके साहित्य पुरते. कांडी उत्पादकाकडून आलेली असल्यास उत्तम, नसल्यास त्याच नावेच्या निरुपयोगी कडेची पट्टी कापून घेता येते. कांडी व नाव यांची जात जुळते की नाही हे आधी एका तुकड्यावर सांधून पाहावे. थंड झाल्यावर हाताने ओढता सांधा उखडला, तर ती कांडी या नावेची नव्हे.

प्रथम चिरेची दोन्ही टोके शोधावी. ती केसासारखी बारीक असतात आणि डोळ्यास दिसते त्यापेक्षा चीर पुढे गेलेली असते. तो भाग किंचित वाकवून पाहिल्यास टोक उघडते. प्रत्येक टोकाशी गिरमिटाने ४ ते ५ मिलिमीटर व्यासाचे गोल छिद्र पाडावे. यामुळे टोकाशी एकवटणारा ताण छिद्राच्या गोलाईभर विभागला जातो आणि चीर पुढे धावत नाही. ही पायरी वगळल्यास सांधा टिकतो, पण त्याच्या पलीकडे नवी चीर उघडते.

त्यानंतर चिरेच्या लांबीवर नांगराच्या तासासारखी उतरत्या कडांची खाच पाडावी. तिची खोली भिंतीच्या जाडीच्या सुमारे दोन-तृतीयांश असावी. खाचेच्या दोन्ही बाजूंचा बोटभर पट्टा खरवडून काढावा, कारण हवा व उन्हाने करपलेला वरचा थर नव्या प्लास्टिकशी एकजीव होत नाही. तो भाग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. त्यांची वाफ उष्णतेच्या कामात पेट घेऊ शकते.

पॉलिथिलीन सुमारे १२० ते १३५ अंश सेल्सिअसला वितळते. त्यासाठी यंत्रातून येणारी हवा सुमारे २५० ते ३०० अंशांची लागते. हवेचा झोत खाच आणि कांडी या दोहोंवर आळीपाळीने फिरवावा. दोन्ही पृष्ठभाग ओलसर चमकू लागले म्हणजे कांडी खाचेत दाबत पुढे न्यावी. केवळ कांडी वितळली आणि नाव थंड राहिली, तर वरून सुरेख दिसणारा सांधा आतून मोकळा असतो. धूर निघू लागला किंवा रंग तपकिरी झाला, तर प्लास्टिक जळत आहे असे समजून झोत दूर करावा. एका वेळी एकच थर घालावा आणि खाच पृष्ठभागाच्या किंचित वर येईपर्यंत थर द्यावेत. हात पोहोचत असेल तर आतील बाजूनेही असेच सांधकाम करावे.

सांधा आपोआप थंड होऊ द्यावा. त्यावर पाणी ओतल्यास तो आक्रसून ताणला जातो. दुसऱ्या दिवशी वर आलेला भाग खरवडून सपाट करावा. ज्या नावेस दुहेरी भिंत आहे, तिचे पाण्याचे बूच काम सुरू करण्यापूर्वी उघडावे, जेणेकरून आत तापलेल्या हवेस वाट मिळेल. दोन भिंतींमध्ये फेस भरलेला असल्यास तो उष्णतेने वितळून विषारी धूर देतो, म्हणून अशा नावेचे काम अनुभवी माणसाकडेच सोपवावे. हे सर्व काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि मुलांना दूर ठेवून करावयाचे आहे.

परीक्षा

दुरुस्तीनंतर नाव थेट प्रवासी घेऊन पाण्यात नेऊ नये. आधी जमिनीवर टेकून सांध्याच्या भागात काही बादल्या पाणी ओतावे आणि खालून कोरड्या कापडाने तपासावे. नंतर उथळ, संथ पाण्यात माणसांऐवजी रेतीची पोती ठेवून ती निदान अर्धा तास तरंगत ठेवावी आणि सांध्याजवळ पोती हलवून तळास थोडा झोल द्यावा. आत ओल दिसली नाही तरच नाव वापरास योग्य मानावी. हाताने केलेला सांधा मूळ भिंतीइतका बळकट असत नाही, विशेषतः आघातापुढे तो कमी पडतो. म्हणून दुरुस्त नावेवरील भार पूर्वीपेक्षा काहीसा कमीच ठेवावा आणि तरंगणारी जाकिटे प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर असावीत.

ऐन पुरात चीर पडली तर सांधकामास वेळ नसतो. अशा वेळी छपराची गळती थांबविण्यासाठी मिळणारी ब्यूटाईल रबराची चिकट पट्टी उपयोगी पडते. जागा कोरडी व स्वच्छ करून, चिरेच्या चारही बाजूंना चार-पाच बोटे अधिक जाईल इतकी पट्टी बाहेरून घट्ट घोटून बसवावी. हा उपाय नाव काठास आणण्यापुरता आहे. पाणी ओसरताच पट्टी काढून खरे काम करून घ्यावे.

नाव बाद केव्हा करावी

प्रत्येक नाव वाचविण्याजोगी नसते. उन्हाने जर्जर झालेल्या, भुकटी सुटणाऱ्या प्लास्टिकला सांधा घातला, तरी त्याच्या कडेलाच नवी चीर पडते. भेगांची जाळी पसरलेली असेल, एकाच जागी दुसऱ्यांदा चीर गेली असेल, अथवा चीर मधल्या रेषेवर आडवी जाऊन नावेची ताठरता गेली असेल, तर ती प्रवासी वाहतुकीतून काढून टाकणे हेच योग्य. अशी नाव काठावर तशीच पडू देऊ नये, कारण निकडीच्या वेळी ती कोणीतरी पाण्यात ढकलतोच. तिच्यावर मोठ्या अक्षरांत बाद असे लिहून ती ताब्यात घ्यावी. तिच्या सुस्थितीतील भागांच्या पट्ट्या त्याच प्रकारच्या दुसऱ्या नावेच्या दुरुस्तीस कामी येतात.

निगा आणि जबाबदारी

दुरुस्तीपेक्षा निगा स्वस्त. नाव सावलीत, पालथी आणि रुंद आधारांवर ठेवावी. ती रेती-दगडांवरून ओढण्याऐवजी उचलून न्यावी. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा तळाची बोटाने चाचपून तपासणी करावी. सापडलेल्या प्रत्येक खुणेभोवती खडूने वर्तुळ काढून तारखेसह नोंद ठेवावी. पुढील तपासणीत चीर त्या वर्तुळाबाहेर गेली असेल, तर तिची वाढ आपोआप कळते.

कारागीर दूर शोधावा लागत नाही. पाणीपुरवठा योजनेचे काळे नळ तापविलेल्या तव्याने जोडणारे कामगार याच प्लास्टिकचे काम रोज करीत असतात. नावेचे काम हवेच्या झोताने करावयाचे असले, तरी किती तापवावे आणि केव्हा दाबावे हे त्यांच्या हातास ठाऊक असते. १९६८ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या सिपेट या केंद्र शासनाच्या प्लास्टिक तंत्रशिक्षण संस्थेचे केंद्र चंद्रपूर येथेही आहे. नदीकाठच्या गावातील एखाद-दुसरा तरुण, नावाडी अथवा मच्छीमार संस्थेचा सभासद अशा ठिकाणी हे काम शिकून आला, तर परिसरातील अनेक गावांची सोय होईल.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ यामध्ये यंत्राविना चालणाऱ्या नावांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील प्रत्येक नावेची एक वही ठेवली आणि तीत नाव कोणत्या पदार्थाची, कोणत्या वर्षाची, किती माणसांची, कोठे व केव्हा दुरुस्त झालेली आणि तिची परीक्षा कोणी घेतली एवढ्याच गोष्टी लिहिल्या, तरी पुराच्या रात्री निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यास कोणती नाव पाण्यात सोडावी हे विचारत फिरावे लागणार नाही. ही वही भरण्यास योग्य महिना मे हाच होय, कारण जूनचा पहिला पाऊस पडल्यावर नाव तपासण्यास सवड मिळत नाही.